इंद्रायणी आणि पनवेल-३ : कॅलसपासून रोपापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मान्यता मिळाल्याचे पत्र आले असल्याने आजपासून नोंदवही सुरू करीत आहे. प्रकल्पाचे उद्दिष्ट मुद्दामच मर्यादित ठेवले आहे. इंद्रायणी आणि पनवेल-३ या भाताच्या दोन वाणांच्या पक्व दाण्यांपासून वापरण्याजोगा कॅलस, म्हणजे ठरलेले रूप न घेता नुसत्या विभागणाऱ्या पेशींचा गोळा, मिळतो का, त्या कॅलसच्या पेशींत ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या साहाय्याने बाहेरचे जनुक घालता येते का, आणि जनुक घेतलेल्या पेशीपासून पुन्हा फुलणारे व दाणा भरणारे रोप उभे राहते का, एवढेच तपासायचे आहे. घालायचे जनुक शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाही. पेशीला निळा रंग देऊन स्वतःची ओळख पटवणारे ते गस जनुक आहे. उपयोगाचे जनुक कोणते घालावे हा प्रश्न आमच्या मते दुसऱ्या क्रमांकाचा आहे. वाण कॅलसमधून उठतच नसेल, तर जगातले उत्तम जनुक हाताशी असूनही त्याचा त्या वाणाला काही उपयोग होत नाही.

वाणांच्या निवडीमागे कारण आहे. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा १९८७ चा वाण असून तो आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आला आहे. वास आणि मऊ भात यांमुळे मावळ-मुळशीपासून पुण्या-मुंबईच्या बाजारापर्यंत त्याला मागणी आहे, मात्र करपा या रोगाची तक्रारही नेहमीची आहे. पनवेल-३ हा खारजमिनीसाठीचा वाण. कोकणात खाडीच्या कडेला बांध फुटून भरतीचे पाणी खाचरांत शिरते, तिथे साधा वाण तग धरत नाही. पुढेमागे करपारोधक किंवा क्षारसहनशील जनुकांचे काम करायचे झाले, तर ते या दोघांवरच व्हावे अशी इच्छा आहे.

तुलनेसाठी टायपेई ३०९ हा जपोनिका वाण घेतला आहे (जपोनिका आणि इंडिका हे भाताचे दोन मुख्य गट). ऊतिसंवर्धनात, म्हणजे पेशी काचपात्रात वाढवण्याच्या कामात, तो इतका आज्ञाधारक आहे की जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याच्यावरच हात साफ केले. २००० साली इंगो पोट्रिकुस आणि पीटर बेयर यांच्या गटाने जाहीर केलेला पहिला सोनेरी तांदूळही याच वाणात तयार झाला होता. पद्धत बरोबर चालते आहे की नाही हे टायपेई सांगेल. ती आपल्या वाणांना चालते का, हे मात्र आपले वाणच सांगतील.

२१ नोव्हेंबर २०२४

दाणे सोलण्याचे काम पूर्ण झाले. गिरणीतला तांदूळ या कामाला चालत नाही, कारण सडताना टोकाचा अंकुर कोंड्याबरोबर निघून जातो आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. म्हणून प्रत्येक दाण्याचे तूस हाताने काढावे लागते. अंकुराला ओरखडा पडलेले, पोचट किंवा डागाळलेले दाणे बाजूला टाकले. सोललेले दाणे ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट आणि नंतर ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्याचे काही थेंब टाकलेल्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात हलवत ठेवून निर्जंतुक पाण्याने वारंवार धुतले. मर्क्युरिक क्लोराइड अधिक खात्रीचे असते, पण त्याचे पारायुक्त धुवण टाकायचे कुठे, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसल्याने ते वापरायचे नाही असे ठरले.

कॅलस वाढवण्यासाठी पोषक माध्यमे दोन घेतली आहेत. पहिले मुराशिगे आणि स्कूग यांचे १९६२ चे एमएस, जे मुळात तंबाखूच्या ऊतींसाठी बनवले गेले होते. दुसरे चू आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये चीनमध्ये भाताच्या परागकोशांच्या संवर्धनासाठी तयार केलेले एन-६. दोन्हींतला महत्त्वाचा फरक नत्राच्या रूपात आहे : एमएसमध्ये लिटरला १,६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट असते, तर एन-६ मध्ये ४६३ मिलिग्रॅम अमोनियम सल्फेट आणि भरपूर पोटॅशियम नायट्रेट. भाताच्या कॅलसला अमोनियमचे प्रमाण कमी असलेले दुसरे माध्यम अधिक मानवते असा अनेकांचा अनुभव आहे. दोन्हींत लिटरला २ मिलिग्रॅम २,४-डी, ३०० मिलिग्रॅम केसिन हायड्रोलायसेट (दुधातल्या प्रथिनाचे तुकडे), प्रोलिन हे अमिनो आम्ल आणि साखर घातली असून सामू ५.८ ठेवला आहे. हे २,४-डी म्हणजे रुंद पानांची तणे मारण्यासाठी शेतकरी भातात फवारतात तेच. इथे ते अत्यल्प मात्रेत संप्रेरकाचे काम करते आणि अंकुराच्या पेशींना आपले ठरलेले काम सोडून नुसते विभागत राहायला लावते.

१२ डिसेंबर २०२४

तीन आठवड्यांचा कॅलस पाहिला. बुरशी इंद्रायणीच्या प्लेटींत सर्वांत जास्त निघाली. ती दाण्याच्या आत दडलेली असावी, कारण वाढ अंकुराजवळच्या भेगेतूनच सुरू झालेली दिसते. कापणीच्या वेळी पावसात सापडलेल्या भाताचे बियाणे असेल तर बाहेरून कितीही धुतले तरी असे होते. पुढच्या खेपेसाठी कोरड्या दिवसांत कापलेले बियाणे मागवले आहे.

कॅलस स्क्युटेलममधून, म्हणजे अंकुर आणि पिठूळ भाग यांच्यामधल्या ढालीसारख्या भागातून निघतो. मुळाकडून निघणारा कॅलसही दिसतो, पण त्यातून रोप मिळत नाही, म्हणून तो आणि वर आलेला कोंब चिमट्याने काढून टाकला. उरलेल्यात प्रतवारी करणे हे या कामातले खरे कौशल्य आहे, आणि ते कोणत्याही पद्धतपत्रिकेत पुरते उतरत नाही. उपयोगी कॅलस फिकट पिवळसर, कोरडा, गाठीगाठींचा असतो आणि चिमट्याने हलकेच दाबले की त्याच्या बारीक गोळ्या सुट्या होतात. अशा प्रत्येक गोळीच्या पृष्ठभागावरच्या पेशी लहान, दाट पेशीद्रव्याच्या आणि भ्रूण बनण्याच्या तयारीतल्या असतात. निरुपयोगी कॅलस भिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक आणि ओलसर दिसतो. तो भराभर वाढतो, प्लेट भरून टाकतो आणि नवख्याला त्याचाच आनंद होतो. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी आज प्रकल्प सहायकांना सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही शेजारी ठेवून दाखवले आणि वजन करून कॅलसची तुलना करण्याची पद्धत बंद करायला सांगितली, कारण वजनात पाणीच मोजले जाते.

टायपेईने दोन्ही माध्यमांत चांगला कॅलस दिला. इंद्रायणीने एन-६ वर बरा दिला, एमएसवर बहुतांशी पाणचट. पनवेल-३ चा कॅलस निघतो, पण दुसऱ्या आठवड्यापासून कडेने तपकिरी पडू लागतो.

१९ डिसेंबर २०२४

तपकिरी पडण्याचे प्रकरण इंडिका वाणांत जुनेच आहे. जखमी पेशींतून फिनॉलवर्गीय द्रव्ये पाझरतात, त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि त्या विषाने शेजारच्या पेशीही मरतात, हे नेहमीचे स्पष्टीकरण. त्यावर तीन उपाय योजले आहेत : प्रोलिनचे प्रमाण वाढवणे, सुक्रोजच्या जागी माल्टोज वापरणे आणि नव्या माध्यमावर हलवण्याचा काळ दोन आठवड्यांवरून दहा दिवसांवर आणणे.

याच संदर्भात जपानमधील निशिमुरा आणि सहकाऱ्यांचे २००५ चे काम आज गटात वाचले. कोशिहिकारी हा जपानचा सर्वांत लाडका वाण असूनही कॅलसमधून सहसा उठत नाही, तर कसालाथ हा भारतीय वाण सहज उठतो. त्यांनी दोघांचा संकर करून ही क्षमता कुठे आहे याचा माग काढला, तेव्हा ती नायट्राइटचे अमोनियात रूपांतर करणाऱ्या नायट्राइट रिडक्टेज या विकराच्या जनुकाशी येऊन थांबली. कोशिहिकारीत हे विकर कमी पडते, त्यामुळे माध्यमातल्या नायट्रेटपासून बनलेले नायट्राइट पेशींत साचते आणि त्यांना घातक ठरते. या कामाचे महत्त्व आम्हाला दोन कारणांनी वाटते. एक म्हणजे ‘इंडिका उठत नाही, जपोनिका उठते’ हे सरसकट विधान त्यामुळे ढिले पडते. दुसरे, वाणाचा हट्टीपणा म्हणून जे आपण सोडून देतो, त्याच्या मुळाशी एखादे साधे, शोधता येण्याजोगे रासायनिक कारण असू शकते. पनवेल-३ साठी नायट्रेट कमी केलेल्या एन-६ ची एक तुकडी लावली आहे.

६ जानेवारी २०२५

जनुक न घेतलेल्या पेशी मारून घेतलेल्या तेवढ्या निवडण्यासाठी वापरायच्या हायग्रोमायसिन या प्रतिजैविकाची मात्रा ठरवली. रूपांतरण न केलेला कॅलस वाढत्या मात्रांवर ठेवून तो पूर्ण कधी मरतो हे पाहिले. इंद्रायणी आणि टायपेईसाठी लिटरला ५० मिलिग्रॅम ही प्रचलित मात्रा योग्य दिसते. पनवेल-३ चा कॅलस तिच्या बराच आधी दम टाकतो, म्हणून त्याची सुरुवात ३० पासून करणार आहोत. निवडीसाठी कॅनामायसिन हे दुसरे प्रतिजैविक का नाही, असा प्रश्न नव्या विद्यार्थ्याने विचारला. भाताच्या पेशी कॅनामायसिन बऱ्यापैकी पचवतात, त्यामुळे जनुक न घेतलेल्या पेशीही निभावून जातात आणि मागाहून मिळणारी रोपे बहुधा पांढरी निघतात.

२० जानेवारी २०२५

संसर्गाचा दिवस. वापरलेला जिवाणू ईएचए १०५ हा प्रकार आहे आणि त्यात पीकॅम्बिया १३०१ हे वाहक डीएनए वर्तुळ घातले आहे. या वर्तुळातल्या दोन सीमांच्या मधला भाग, म्हणजे टी-डीएनए, तेवढाच वनस्पतीच्या पेशीत जातो. त्यात हायग्रोमायसिनला रोध देणारे जनुक आणि गस जनुक शेजारी शेजारी आहेत. गस जनुकात एरंडाच्या एका जनुकातला इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून काढावा लागणारा तुकडा, मुद्दाम घुसवलेला आहे. जिवाणूला इंट्रॉन कापून काढता येत नाही, भाताला येतो. म्हणून निळा रंग दिसला तर तो भाताच्या पेशीचाच, चिकटून राहिलेल्या जिवाणूचा नव्हे, अशी खात्री देता येते. गस पद्धत १९८७ मध्ये प्रसिद्ध करणारे रिचर्ड जेफरसन यांनीच पुढे कॅम्बिया ही संस्था काढली, ज्या संस्थेची ही वाहके आहेत.

निसर्गात ॲग्रोबॅक्टेरियम गवतवर्गीय वनस्पतींच्या वाटेला फारसा जात नाही, आणि म्हणून भात-मक्यात ही पद्धत चालणार नाही असे बराच काळ धरले जात होते. भाताची पहिली रूपांतरित रोपे १९८८ च्या सुमारास भित्तिका काढून टाकलेल्या पेशींत थेट डीएनए घालून मिळवली गेली, नंतर सूक्ष्म सोन्याचे कण झाडणारी जनुकबंदूक आली. जपान टोबॅको कंपनीच्या हिएई, कोमारी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये स्क्युटेलमच्या कॅलसवर ॲग्रोबॅक्टेरियम वापरून जपोनिका भाताची मोठ्या प्रमाणावर रूपांतरित रोपे मिळवली, तेव्हा तो समज मोडला. त्यांच्या यशातला एक कळीचा भाग म्हणजे ॲसिटोसिरिंगोन. जखमी तंबाखू किंवा टोमॅटो ज्या फिनॉलवर्गीय द्रव्यांनी नकळत जिवाणूला बोलावून घेतात त्यांपैकी हे एक. ते जाणवले की जिवाणूच्या आवरणावरचे एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, ते संसर्गाच्या जनुकांची सगळी फळी कामाला लावते आणि टी-डीएनएचा एकपदरी तुकडा सीमांवर कापला जाऊन पेशीकडे रवाना होतो. भाताकडून हे बोलावणे पुरेसे जात नाही, म्हणून ते माध्यमातून द्यावे लागते.

आजची कृती अशी : ताजा, चार दिवसांपूर्वी नव्या माध्यमावर हलवलेला कॅलस निवडून, १०० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन असलेल्या द्रवात तरंगत ठेवलेल्या जिवाणूंत पंधरा-वीस मिनिटे बुडवला, निर्जंतुक टिपकागदावर कोरडा केला आणि सहसंवर्धनाच्या माध्यमावर टिपकागदाची चकती घालून तिच्यावर मांडला. या माध्यमाचा सामू ५.२ आहे आणि त्यात ग्लुकोज आहे, कारण आम्लता आणि साखर दोन्हींमुळे जिवाणूची संसर्गयंत्रणा अधिक जोमाने चालते. चकतीचा फायदा दुहेरी दिसतो : जिवाणू बेसुमार माजत नाहीत आणि कॅलस कमी तपकिरी पडतो. प्लेटी अंधारात २५ अंश सेल्सिअसला ठेवल्या आहेत. भात उबेत खूश असतो, तरी इथे तापमान वाढवून चालत नाही. जिवाणूची डीएनए पाठवण्याची यंत्रणा उष्णतेत मंदावते.

२३ जानेवारी २०२५

तीन दिवसांनी कॅलस सेफोटॅक्झिम हे जिवाणू मारणारे प्रतिजैविक मिसळलेल्या पाण्याने धुतला. धुवण निवळशंख होईपर्यंत पाणी बदलत राहिलो. नमुन्यादाखल थोडा कॅलस एक्स-ग्लुकच्या (गस जनुक असलेल्या पेशीत निळा रंग देणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात ३७ अंशांवर रात्रभर ठेवण्यासाठी काढला आहे. बाकीचा हायग्रोमायसिन नसलेल्या, केवळ सेफोटॅक्झिम असलेल्या माध्यमावर आठवडाभर विश्रांतीला ठेवला. संसर्गाच्या धक्क्यातून सावरायच्या आत निवडीचे विष दिले, तर जनुक घेतलेल्या पेशीही न घेतलेल्यांबरोबर मरतात.

दुसऱ्या दिवशी जोडलेली नोंद : निळे ठिपके तिन्ही वाणांत दिसले. टायपेईत दाट, इंद्रायणीत विखुरलेले पण मोठे, पनवेल-३ मध्ये तुरळक आणि तेही तपकिरी भागापासून दूर. म्हणजे जिवाणू तिन्हींच्या पेशींत जनुक पोहोचवतो आहे. हे ठिपके तात्पुरत्या अभिव्यक्तीचे असून जनुक गुणसूत्रात कायमचे बसले असा अर्थ त्यांतून काढता येत नाही, ही गोष्ट फलकावर लिहून ठेवावी लागली, कारण निळे ठिपके पाहून सगळ्यांचाच उत्साह वाढला होता.

२४ फेब्रुवारी २०२५

निवडीची दुसरी फेरी संपली. बहुतेक कॅलस तपकिरी-काळा होऊन मेला आहे, आणि तसेच व्हायला हवे होते. मेलेल्या गोळ्यांच्या पाठीवर इथे-तिथे पिवळसर, घट्ट, कॅलसचे नवे दाणे उगवले आहेत. प्रत्येक दाणा वेगळ्या पेशीपासून आलेला मानून त्याला स्वतंत्र क्रमांक दिला; एका गोळीवरचे दोन दाणे एकत्र वाढवले तर पुढे दोन वेगळ्या घटना, म्हणजे जनुक बसण्याचे दोन स्वतंत्र प्रसंग, एकच समजल्या जातील. काही प्लेटींत जिवाणू पुन्हा डोके वर काढताना दिसले, तिथे सेफोटॅक्झिम ५०० मिलिग्रॅमपर्यंत वाढवले.

पनवेल-३ च्या कमी नायट्रेटच्या तुकडीत तपकिरीपणा उशिरा आला, पण आला. अनुमान काढण्याइतका फरक नाही.

१० मार्च २०२५

वीज जाऊन वातानुकूलन रात्रभर बंद राहिले. संवर्धन खोलीतले तापमान सकाळी फार चढलेले होते. पुनर्जननाच्या प्लेटींत झाकणांवर पाणी साचले, ते निर्जंतुक कक्षात पुसून काढले. नुकसान किती झाले हे आठवड्याने कळेल.

२४ मार्च २०२५

निवडीतून तगलेला कॅलस पुनर्जननाच्या माध्यमावर आहे : एमएस, लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम बीएपी किंवा कायनेटिन (दोन्ही सायटोकायनिन वर्गातली, कोंब फोडणारी संप्रेरके), ०.५ मिलिग्रॅम एनएए (ऑक्सिन वर्गातले संप्रेरक), आणि २,४-डी अजिबात नाही. आतापर्यंत २,४-डी पेशीला कोणतेही रूप घेऊ देत नव्हते. ते काढून सायटोकायनिन वाढवले की कोंबाची वाट मोकळी होते. त्याआधी कॅलस झाकण लावलेल्या रिकाम्या प्लेटीत टिपकागदावर दोन दिवस ठेवून थोडा सुकवला होता. इतक्या साध्या उपायाने भाताचे पुनर्जनन सुधारते हे इतरांनी वारंवार नोंदवले आहे, आणि इंद्रायणीत त्याचा परिणाम डोळ्यांना दिसण्याइतका आहे. माध्यमात आगर वाढवून ते कडक केल्यानेही तेच साधते, कारण दोन्हींत कॅलसला मिळणारे पाणी कमी होते.

कोंबाची सुरुवात दाखवणारे हिरवे ठिपके टायपेईत सर्वत्र, इंद्रायणीत निवडक ओळींत (एका क्रमांकाच्या दाण्यापासून वाढवलेला कॅलस म्हणजे एक ओळ). पनवेल-३ च्या बहुतेक ओळींना मुळे फुटली पण कोंब नाहीत. हे लक्षण वाईट आहे. एकदा मूळ फुटलेला कॅलस कोंबाकडे सहसा वळत नाही.

१६ एप्रिल २०२५

कोंब बोटभर झाले तसे अर्ध्या तीव्रतेच्या एमएसवर मुळे धरण्यासाठी हलवले. हायग्रोमायसिन इथेही ठेवले आहे, कारण चुकून निभावलेले रोप मुळे धरताना हमखास उघडे पडते. काही कोंब पूर्ण पांढरे आहेत. त्यांना हरितद्रव्य बनवता येत नाही. अशी रोपे माध्यमातल्या साखरेवर नळीत जगतात, मातीत एक आठवडा टिकणार नाहीत. कॅलस जितका जुना, तितकी पांढऱ्या रोपांची शक्यता वाढते, म्हणून संवर्धनाचा एकूण काळ कमी करणे हे वाण कोणताही असला तरी लागू पडणारे धोरण म्हणून नोंदवून ठेवतो. जपानमधील टोकी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत तर दाणे जेमतेम एक दिवस वाढवून स्क्युटेलमवर थेट संसर्ग केला जातो आणि कॅलस साठवण्याचे आठवडे वाचतात. पुढच्या तुकडीत ती इंद्रायणीवर आजमावायची आहे.

पनवेल-३ चा एकच कोंब मुळांच्या टप्प्यापर्यंत आला आहे.

५ मे २०२५

काल दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भारतात विकसित झालेले दोन जनुक-संपादित, म्हणजे भाताच्याच जनुकात नेमका बदल केलेले, भात वाण जाहीर केले. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचा ‘कमला’ हा सांबा मसुरीवर आधारित आहे, आणि भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा ‘पुसा डीएसटी राइस १’ हा एमटीयू १०१० या वाणावर. दुसऱ्याची बातमी आमच्या कामाच्या अधिक जवळची आहे, कारण डीएसटी हे जनुक निकामी केले की पर्णरंध्रे कमी उघडतात, पाण्याचा व्यय घटतो आणि रोप दुष्काळाबरोबर क्षारही अधिक सोसते. खारजमिनीच्या दृष्टीने याचा अर्थ सांगायला नको.

गटात यावर झालेल्या चर्चेतला एक मुद्दा नोंदवतो. वृत्तपत्रांत जनुक-संपादन हे ऊतिसंवर्धनाला मागे टाकणारे तंत्र असल्यासारखे येते. पण भातात संपादनाची कात्री, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणारी यंत्रणा, पेशीत नेण्याचा रुळलेला मार्ग अजून ॲग्रोबॅक्टेरियम आणि कॅलस हाच आहे. काम झाल्यावर पुढच्या पिढीत कात्रीचे जनुक वेगळे पडलेली रोपे निवडली जातात. म्हणजे सांबा मसुरी आणि एमटीयू १०१० यांच्या वाट्याला हे आले, त्यामागे त्यांचे क्षेत्र आणि लोकप्रियता आहेच, पण कोणीतरी त्यांना कॅलसमधून उठवण्याची पद्धत आधी बसवलेली होती हेही आहे. पनवेलच्या वाणांना ती बसत नाही तोवर त्यांचे संपादनही होणार नाही.

नियमांबाबत गैरसमज नको म्हणून स्पष्ट करतो. मार्च २०२२ च्या अधिसूचनेने, बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या विशिष्ट प्रकारच्या संपादित वनस्पतींना जनुक-परिवर्तित सजीवांसाठीच्या १९८९ च्या नियमांतील ७ ते ११ या कलमांतून सूट दिली आहे. आमच्या रोपांत गस आणि हायग्रोमायसिनरोधी ही दोन परकी जनुके आहेत, त्यामुळे त्यांना ती सूट लागू नाही. ती बंदिस्त जाळीघरातच राहतील आणि त्यांचा प्रत्येक अवशेष ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच, टाकला जाईल.

११ जून २०२५

जाळीघरात रुळलेल्या टी-शून्य, म्हणजे थेट कॅलसमधून आलेल्या पहिल्या पिढीच्या, रोपांच्या पानांतून सीटॅब या प्रचलित पद्धतीने डीएनए काढून पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुकाच्या असंख्य प्रती काढून ते आहे का हे पाहणारी चाचणी, केले. हायग्रोमायसिनरोधी जनुकाची पट्टी टायपेई आणि इंद्रायणीच्या बहुतेक रोपांत मिळाली, आणि पनवेल-३ च्या एकमेव रोपातही. पीसीआर फसवू शकते : पानाच्या खाचेत जिवाणूचे थोडे अवशेष राहिले तरी पट्टी येते. म्हणून टी-डीएनएच्या सीमेबाहेरच्या, फक्त जिवाणूत असणाऱ्या एका जनुकासाठी दुसरी चाचणी लावली, आणि त्यात पट्टी आलेली रोपे तूर्त संशयित म्हणून वेगळी ठेवली. पानांचे तुकडे गससाठी रंगवून अल्कोहोलने हरितद्रव्य काढले तेव्हा शिरा आणि कापलेल्या कडा निळ्या दिसल्या.

८ जुलै २०२५

सदर्न, म्हणजे जनुक जीनोममध्ये किती ठिकाणी बसले हे दाखवणारी चाचणी, पूर्ण झाले. टी-डीएनएला एकाच जागी कापणाऱ्या विकराने डीएनए तोडून हायग्रोमायसिनरोधी जनुकाचा शोधक लावला, म्हणजे जितक्या पट्ट्या तितक्या ठिकाणी जनुक बसले असे वाचता येते. इंद्रायणीच्या काही ओळी एका पट्टीच्या, काही अनेक पट्ट्यांच्या. दोन वेगवेगळे क्रमांक दिलेल्या ओळींचा पट्ट्यांचा नमुना तंतोतंत सारखा आला. त्या एकाच घटनेच्या आहेत असे धरून एक क्रमांक रद्द केला. पनवेल-३ च्या रोपात पट्ट्या बऱ्याच आहेत.

२५ ऑगस्ट २०२५

टायपेईची लोंबी कापून झाली. इंद्रायणी निसवते आहे. भात मुख्यतः स्वपरागित असला आणि त्याचा पराग काही मिनिटांतच निकामी होत असला, तरी प्रत्येक लोंबीवर कागदी पिशवी बांधली आहे. जाळीघराबाहेर बांधावर रानभात उगवते, आणि ते लागवडीच्या भाताशी संकरित होते. परवापासून गणपतीची सुट्टी असल्याने कुंड्यांना पाणी देण्याची पाळी ठरवली. मामांनी पहिले दोन दिवस आपणहून घेतले.

अनेक रोपे उंचीने कमी, काहींच्या लोंब्यांत पोचट दाणे अधिक. हे सगळे टी-डीएनएच्या माथी मारता येत नाही, कारण संवर्धनातून गेलेल्या पण जनुक न घातलेल्या तुलनेच्या रोपांतही तेच दिसते. कॅलस अवस्थेत जीनोम स्वस्थ बसत नाही. याचे उत्तम उदाहरण टॉस-१७ : भातातला हा स्थलांतरक्षम घटक एरवी निपचित असतो, पण ऊतिसंवर्धनात जागा होऊन स्वतःच्या प्रती नव्या जागी घालतो. हिरोचिका आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे दाखवले, आणि जपानमध्ये त्याचाच उपयोग करून निप्पोनबारे वाणात बिघाड झालेल्या जनुकांच्या ओळींचा मोठा संग्रह उभारला गेला. आमच्यासाठी त्याचा व्यावहारिक अर्थ इतकाच की कोणत्याही गुणाची तुलना मूळ वाणाशी न करता, त्याच कॅलसमधून आलेल्या जनुकविरहित रोपाशी करावी.

पनवेल-३ चे रोप निसवले, पण पराग आयोडीनने रंगत नाही, म्हणजे तो वांझ आहे. दाणे धरण्याची आशा नाही.

२४ सप्टेंबर २०२५

पनवेल-३ साठी दाण्यांचा मार्ग तूर्त सोडून अपक्व भ्रूणांकडे वळलो आहोत. शेतात जूनमध्ये पेरलेल्या भाताच्या लोंब्या फुलल्यावर दहा-बारा दिवसांनी आणल्या, हिरव्या दाण्यातून दीड-दोन मिलिमीटरचे भ्रूण सुईने काढले आणि कॅलस होऊ न देता थेट संसर्ग केला. हिएई आणि कोमारी यांनी २००८ मध्ये इंडिका वाणांसाठी ही पद्धत सविस्तर दिली आहे. तिची अडचण हंगामाची आहे : पक्व दाणे वर्षभर डब्यात असतात, पण अपक्व भ्रूण फुलोऱ्यानंतरच्या मोजक्या दिवसांतच मिळतात आणि लोंब्या आणलेल्या दिवशीच बसावे लागते. भ्रूण पाचव्या दिवशीही पांढरे व टवटवीत आहेत, तपकिरीपणा नाही.

२७ ऑक्टोबर २०२५

इंद्रायणीच्या एका पट्टीच्या ओळींचे टी-एक, म्हणजे पुढच्या पिढीचे, दाणे ५० मिलिग्रॅम हायग्रोमायसिनवर रुजवले. एका ओळीत तगलेल्या आणि पिवळ्या पडून मेलेल्या रोपांचे प्रमाण एकाच जागी बसलेल्या जनुकाकडून असलेल्या तीनास एकच्या अपेक्षेत बसते आणि काय-वर्ग या सांख्यिकी चाचणीतही ते टिकले. दुसऱ्या ओळीत मेलेली रोपे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आहेत, सदर्नमध्ये मात्र ती निर्दोष होती. जनुक मूक पडले, म्हणजे असूनही काम करत नाही, अशी शक्यता सर्वांत आधी तपासायची आहे, म्हणून मेलेल्या रोपांचाही डीएनए काढून ठेवला. पहिल्या ओळीतली तगलेली रोपे पुढच्या पिढीत एकसंध ओळ निवडण्यासाठी कुंड्यांत लावली असून, टोकींच्या पद्धतीची तुलना याच इंद्रायणीवर डिसेंबरमध्ये सुरू होईल. त्यासाठीचे कोरड्या दिवसांत कापलेले बियाणे आज पोहोचले. अपक्व भ्रूणांतून आलेला पनवेल-३ चा कॅलस निवडीच्या दुसऱ्या फेरीत आहे, आणि त्याची पुढील नोंद नव्या वहीत होईल.